नागोरावांचा जार

आमच्या शेजारचे नागोराव सोळंके महिन्यातल्या दोन रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा कुणाशीही बोलत नाहीत. मौनव्रत वगैरे काही नाही. त्या वेळात त्यांच्या अंगणातल्या एका जारची तोटी चालू असते आणि तिच्यातून सुतळीएवढी धार खालच्या पातेल्यात पडत असते. धार चालू आहे तोवर नागोराव समोर पाटावर बसून तिच्याकडे बघत राहतात. फोन वाजला तर वाजू देतात. दारात कुणी आलं तर एक हात वर करतात. त्या हाताचा अर्थ 'बसा' असाही होतो आणि 'जा' असाही.

एकदा त्यांचे सख्खे साडू ताडकळसहून मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. नागोरावांनी हात वर केला. साडू अर्धा तास उभे राहिले, मग ओट्यावर टेकले, मग हात अजून वरच आहे असं बघून पत्रिका तुळशीपाशी ठेवून निघून गेले. दुसऱ्या एका रविवारी वानर आलं आणि नागोरावांच्या मांडीशेजारची पोह्यांची बशी उचलून समोरच्या भिंतीवर बसून खाऊ लागलं. नागोरावांनी एकदा वानराकडे बघितलं, एकदा धारेकडे, आणि धार निवडली.

मी जिंतूरच्या शाळेत मराठी शिकवते. तीन वर्षांपूर्वी आम्ही येलदरी रोडवरच्या या कॉलनीत राहायला आलो. पहिल्याच रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना मला शेजारच्या अंगणात हे दृश्य दिसलं. एक साठीचे गृहस्थ, गळ्यात तुळशीची माळ, समोर एक निळा जार, जारच्या तोंडावर तिवईला टांगलेलं तांब्याचं अभिषेकपात्र आणि त्यातून ठिबकणारं पाणी. मला वाटलं, महादेवाचं काहीतरी असणार. मी तिथूनच हात जोडले.

तेवढ्यात मागच्या दारातून त्यांच्या पत्नी, म्हणजे आता आमच्या काकू, बाहेर आल्या. मला बघून म्हणाल्या, "नवीन बाई का तुमी? या की चहाला. त्यांच्याकडं बघू नका, ते बिअर करायलेत."

'ते दाढी करायलेत' असं म्हणावं तितक्या सहज.

नागोराव कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झाले. पस्तीस वर्षं त्यांनी कालव्याचं पाणी सोडलं आणि बंद केलं. हेडवर, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, ज्यांची शेतं असतात त्यांना पाणी आपोआप मिळतं. टेलला, म्हणजे शेवटाला, जे असतात ते वाट बघत बसतात. नागोरावांची सगळी नोकरी या टेलवाल्यांच्या बाजूनं गेली. गेटची चावी ते खिशात नाही, कमरेच्या करदोड्याला बांधून ठेवत. एका मोठ्या बागायतदारानं एकदा चावी मागायला माणसं पाठवली, तेव्हा नागोराव त्यांना म्हणाले होते, "चावी पाहिजे तर करदोडा तोडा, अन् करदोडा तोडायचा तर आधी धोतर सोडा. बघा कोणाला जमतंय." माणसं परत गेली.

रिटायर झाल्यावर कालवा सुटला, टेल काही सुटलं नाही. कॉलनीच्या गणपतीत पंगत बसली की नागोराव वाढप्याला पहिल्या पानापाशी अडवतात. "हेडवाला उपाशी मरत न्हाई. तिकडून सुरू कर, टेलकडून." त्यामुळे आमच्याकडे आता शहाणी माणसं पंगतीत मुद्दाम शेवटी बसतात, आणि नागोरावांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.

तर हा जार. लग्नाकार्यात थंड पाण्याचे असतात तसला, वीस लिटरचा, जाड भिंतींचा, खाली तोटी असलेला. त्यात नागोराव चार किलो भरडलेले जव टाकतात. मोड आणून वाळवलेले हे जव पुण्याहून कुरियरनं येतात. वरून गरम पाणी ओतून तासभर झाकून ठेवतात. या लगद्याला ते 'घाटा' म्हणतात. तासाभरात जवातली गोडी पाण्यात उतरते. मग तोटी किंचित उघडायची, खालून गोड रस काढत राहायचा आणि वरून तेवढंच गरम पाणी हळूहळू घालत राहायचं, म्हणजे दाण्यांना चिकटलेली उरलीसुरली गोडीही धुऊन निघते. सगळं कसब म्हणे इथंच.

"पाणी भसकन ओतलं की ते कड धरून पळतंय," नागोरावांनी मला समजावलं होतं. अर्थात बुधवारी, रविवारी नाही. "जारची कड धरायची अन् सरळ तोटीकडं. मधला दाणा कोरडाच. कालव्याला पण हेच असतंय, बाई. पाण्याला सोपा रस्ता लय आवडतो. त्याला हळूच, सगळ्यांच्या घरून जा म्हणावं लागतंय. टेलच्या दाण्यापर्यंत पोचलं पाहिजे."

ते हळूच जावं म्हणून अभिषेकपात्र. बुडाला एकाऐवजी एकवीस भोकं पाडून त्यांनी ते तांबटाकडून करून घेतलं होतं. तांबटानं विचारलं, "कोणत्या देवळाला?" नागोराव म्हणाले, "घरचंच हाय." तांबट म्हणाला, "मग महादेव लय मोठा दिसतोय," आणि भक्तिभावानं मजुरी कमी घेतली. ही गोष्ट नागोरावांना अजून टोचते. बाजारात ते त्या तांबटाच्या गल्लीनं जात नाहीत.

जारच्या आत, तोटीच्या वर, दाणे अडावेत म्हणून एक चाळणी बसवलेली आहे. ती मुळात काकूंच्या पुरणयंत्राची. होळीला काकूंनी पुरणयंत्र काढलं तर त्याला बूड नव्हतं. काकूंनी अख्खं घर शोधलं, मग अंगणात आल्या, जारमध्ये हात घातला आणि ओली चाळणी बाहेर काढली. त्या वर्षीच्या पुरणपोळ्यांना एक वेगळाच वास होता. मी खाल्ल्यात. वाईट नव्हता.

रस उकळून, थंड करून, त्यात यीस्ट घालून तो पिंपात भरला की पुढचं काम यीस्टचं. यीस्टला नागोराव 'कामगार' म्हणतात. पिंपातून बुडबुडे यायला लागले की कुंपणावरून मला बातमी मिळते, "बाई, कामगार कामावर आले." बुडबुडे थांबले की, "संप हाय." कामगारांना ऊन सोसत नाही, आणि आमच्या भागातला मे महिना तुम्हाला माहीत नसेल तर देव तुमचं भलं करो. मागच्या मे महिन्यात नागोरावांनी पिंपाला ओलं गोणपाट गुंडाळून ते घरातल्या एकुलत्या एका कुलरसमोर, आतल्या खोलीत, पलंगाशेजारी ठेवलं आणि दार लावून घेतलं. दोघं नवरा-बायको पंधरा दिवस बाहेरच्या खोलीत घामानं निथळत झोपले.

"लग्नाला अडतीस वर्सं झाली, बाई," काकू मला म्हणाल्या, "दोन बाळंतपणं उन्हाळ्यात झाली. कधी माज्यासाठी पंखा पुसला न्हाई ह्या माणसानं. अन् आता बुडबुड्याला कुलर!"

आता तुम्ही विचाराल, एवढं करून बिअर पितं कोण? हाच तर खरा मुद्दा. नागोराव पीत नाहीत. माळकरी माणूस, त्यांनी जन्मात चहापलीकडे काही घेतलेलं नाही. कांदासुद्धा एकादशी बघून खातात. तयार झालेल्या बाटल्या ते कपाटात ओळीनं उभ्या करतात, प्रत्येकीवर पट्टी चिकटवून नंबर घालतात आणि जुन्या सरकारी रजिस्टरसारख्या एका लांबट वहीत सगळा तपशील लिहितात: पाणी किती तापलं, धार किती वेळ चालली, रंग कसा. महिन्यानं एक बाटली उघडतात, पेल्यात ओततात, उजेडात धरतात, लांबून वास घेतात, वहीत चार ओळी लिहितात आणि सगळ्या बाटल्या नेऊन परसातल्या शेवग्याच्या आळ्यात रिकाम्या करतात.

कॉलनीतल्या पुरुषमंडळींना हे दुःख बघवत नाही. शेवग्याच्या शेंगा बघायच्या निमित्तानं त्या परसाच्या भिंतीपलीकडे काही जण उगाच फेऱ्या मारतात. आमचे हे जिल्हा परिषदेत आहेत आणि नियमाला फार घाबरतात. ते एकदा धीर करून म्हणाले, "काका, घरी असं करायला परवाना लागत असेल ना?"

"माणसाला लागतो," नागोराव म्हणाले. "मी पीत न्हाई, विकत न्हाई, कुणाला देत न्हाई. शेवगा पितो. शेवग्याला परवाना लागत असंल तर मला कायदा दाखवा."

यावर आमचे हे म्हणाले, "नाही म्हणजे, शेवग्याला एवढी जात असेल तर एखादी..." आणि नागोरावांनी, रविवार नसतानाही, एक हात वर केला.

गोडी धुऊन राहिलेला चोथा मात्र वाया जात नाही. तो सखूबाईच्या शेळ्यांना जातो. सखूबाई माळावरून शेळ्या घेऊन येते. सुरुवातीला ती दारातच अडून उभी राहिली होती. "मामा, माजी शेरडं झिंगत्याल का हो? एकदा झिंगली की घरचा रस्ता कोण दावील मला?" नागोरावांनी तिला अर्धा तास समजावलं की झिंग नंतर येते, पिंपात, कामगार आल्यावर, हा तर नुसता उकडलेला दाणा. तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण शेळ्यांना पटलं. आता धारेच्या रविवारी साडेदहाला शेळ्या तिच्या आधी येऊन फाटकाशी उभ्या असतात.

हे सगळं गमतीचं वाटत होतं मला. रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी नाद लागतो; कुणी गुलाब लावतं, कुणी कोर्टात दावे लावतं. नागोरावांना हा लागला, एवढंच. पुण्याहून माल कसा मागवायचा, पाणी किती तापवायचं, हे सगळं ते मोबाइलवर यूट्यूब बघून शिकले. हिंदीत सांगणारा एक माणूस होता, त्याच्याशी ते भांडतही असत. "ह्याला पाण्यातलं काय कळतंय? शहरातला हाय हा. बघा बघा, कसं ओतायलाय, कड धरून पळालं सगळं."

एक गोष्ट तेवढी खटकायची. त्यांना एक मुलगी आहे, ती सेलूला दिलेली, तिचं कौतुक दोघंही करतात. मुलगा आहे, प्रल्हाद, त्याच्याविषयी नागोराव एक वाक्य बोलतात. "असतो तिकडं बंगळूरला, खाण्यापिण्याच्या कंपनीत." आणि लगेच उठून शेवग्याकडे जातात.

मागच्या उन्हाळ्यात मी काकूंच्या गच्चीवर कुरडया घालायला गेले होते. गव्हाचा चीक शिजला होता, मी सोऱ्या फिरवत होते आणि काकू धोतरावर एकेक कुरडई सरळ करत होत्या. चार वाजता त्यांचा फोन वाजला. खाली अंगणात नागोराव बसले होते, ते फोनची रिंग ऐकताच उठले, चप्पल घातली आणि फाटकाबाहेर निघून गेले. काकू दहा मिनिटं बोलल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं.

"प्रल्हाद होता. रोज चारला करतो. अन् रोज चारला हे बाहेर जातेत."

"भांडण झालंय?"

"सहावं वरीस लागलं, बाई." त्यांनी हातातली कुरडई नीट केली. "पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलून झालेला पोरगा हाय. म्हणून प्रल्हाद. परभणीला ते अन्नाचं शास्त्र शिकला. शेवटच्या वर्षाला सुट्टीत घरी आला अन् गच्चीवर काहीबाही करायला लागला. एक निळा जार आणला होता त्यानं."

मी सोऱ्या थांबवला.

"हाव, तोच जार. ह्यांना वाटलं, अभ्यासाचं हाय. मग एक दिवस ऑफिसातून आले तर बाटलीला फेस आलेला. इचारलं, काय हाय? पोरगं खोटं बोललं न्हाई. म्हणलं, अण्णा, बिअर हाय, मी हेच काम करणार हाय. झालं. माळकऱ्याच्या घरात दारू गाळतो का, म्हणून बाटल्या रस्त्यावर नेऊन फोडल्या. सगळी कॉलनी बघायलेली. जार उचलून गच्चीवर टाकीच्या मागं फेकला. पोरगं त्याच दिवशी बॅग घेऊन गेलं. आता बंगळूरला एका मोठ्या हॉटेलात तेच करतो, मशिनीवर. लोकं पिऊन वा वा म्हणतेत म्हणं."

"मग काका आता स्वतःच...?"

"मला काय माहीत?" काकू म्हणाल्या. "रिटायर होऊन दोन महिने झाले असतील. एक दिवस सकाळी गच्चीवर गेले, जार खाली आणला अन् सोडा घालून घासायला बसले. मला वाटलं, उन्हाळ्याचं पाणी भरून ठेवतील. मी इचारलं तर म्हणाले, पडून ऱ्हायला होता. मी पुढं काय बोलले न्हाई. बोललं असतं तर परत वर टाकला असता."

"प्रल्हादला माहीत आहे?"

"मी सांगते की रोज."

"तो काय म्हणतो?"

"काय म्हणत न्हाई. मग इचारतो, पाणी किती डिग्री होतं." काकू हसल्या आणि पदरानं नाक पुसलं. "चिकाचा वाफारा लागतोय, बाई."

या वर्षी फाल्गुनात नागोरावांनी एक मोठा बेत आखला. पुण्याचे जव आता पुरे. आपली ज्वारी काय वाईट आहे? पोखर्णीला त्यांच्या भावाचं शेत आहे. तिथून त्यांनी टाळकी जातीची नवी ज्वारी आणली, भिजवली, गच्चीवर ओल्या गोणपाटावर पसरून तिला मोड आणले, वाळवली, मोड चोळून काढले. काकूंची दोन जुनी लुगडी त्यात गेली. मग निम्मे जव, निम्मी ज्वारी असं गिरणीतून भरडून आणलं आणि रविवारी सकाळी घाटा लावला.

मी त्या वेळी माझा सोऱ्या परत न्यायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

नऊ वाजता धार सुरू झाली. नागोराव पाटावर बसले. काकूंनी मला खुणेनं ओट्यावर बसवलं. पाच मिनिटं झाली असतील, सुतळीचा दोरा झाला. दोऱ्याचे थेंब झाले. मग थेंबही थांबले.

"थांबलं," नागोराव म्हणाले.

धारेच्या वेळात त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. काकू दचकून उभ्या राहिल्या. नागोरावांनी तोटी पूर्ण उघडली, काही नाही. तोटीला तोंड लावून फुंकलं, काही नाही. जारवर थाप मारली. झाकण काढून बघितलं तर वर पाणी तुंबून उभं आणि खाली घाटा सिमेंटसारखा घट्ट.

"कालवा फुटला तर काय करायचं ते मला ठाऊक हाय," ते म्हणाले, "ह्याचं काय करू? एवढी महिन्याची मेहनत... अगं, यूट्यूब लाव. माजा फोन बंद पडलाय. तुझ्यावर लाव, इचार, बसला घाटा तर काय करावं."

काकू आत गेल्या. मिनिटभरानं फोन घेऊन मागच्या दाराच्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. फोन त्यांनी कानाला लावला होता.

यूट्यूब कुणी कानाला लावत नाही. मला हे कळलं, आणि नागोरावांनाही कळलं. ते काकूंच्या कानाकडे बराच वेळ बघत राहिले. काकू पायरीकडे बघत होत्या. मला वाटलं, आता हे चप्पल घालतात आणि फाटकाबाहेर जातात.

नागोराव जारकडे वळले आणि म्हणाले, "काय म्हणायलंय यूट्यूब?"

"म्हणायलंय," काकू म्हणाल्या, "आधी तोटी बंद करा."

"केली."

"म्हणायलंय, भरडा कोणत्या गिरणीतून आणला?"

"बसस्टँडमागच्या."

"म्हणायलंय, तिथं भरडा येत न्हाई. तो माणूस सवयीनं भाकरीचं पीठच करतो."

"यूट्यूबला जिंतूरची लय माहिती दिसायली," नागोराव म्हणाले. पण चिमूटभर घाटा बोटांत चोळून बघितला आणि मान हलवली. "पीठच हाय. सांग, ज्वारी निम्मी हाय म्हणाव."

काकू ऐकत राहिल्या. "म्हणायलंय, ज्वारीला जवासारखं वरचं फोल नसतंय. फोल नसलं की पाण्याला झिरपायला जागाच ऱ्हात न्हाई. साळीचं तूस मिसळायचं होतं."

"साळीचं तूस आता कुठून आणू मी? कुलरची गवताची ताटी हाय, ती टाकू का, इचार."

"न्हाई म्हणायलंय." काकूंनी फोन कानापासून जरा लांब धरला. "जोरात न्हाई म्हणायलंय."

मग सूचना आल्या. दोन तांबे कडक पाणी वरून सोडायचं. लाकडी उलथनं घेऊन वरचं वरचं हलवायचं, बुडाच्या चाळणीला धक्का लावायचा नाही. मग दहा मिनिटं गप बसू द्यायचं. नागोरावांनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. ज्या माणसानं कार्यकारी अभियंत्याचं कधी ऐकलं नाही, तो एकेक तांब्या ओतून विचारत होता, "एवढं? बास का अजून?"

दहा मिनिटं वाट बघायची होती. शेळ्याही आज लवकर येऊन फाटकाशी उभ्या होत्या.

"म्हणायलंय," काकू हळूच म्हणाल्या, "बीपीची गोळी घेतली का?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. तिथं कॅलेंडर नव्हतं, नुसता खिळा होता.

"घेतली म्हणाव," नागोराव म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "सकाळीच घेतली."

"म्हणायलंय, पाटावर बसू नका, उठताना गुडघा धरतो. खुर्ची घ्या."

ही गोष्ट काकू त्यांना दोन वर्षं सांगत होत्या. नागोराव गुडघ्यावर हात टेकून उठले. "बाई," मला म्हणाले, "ती खुर्ची द्या बरं जरा इकडं."

मी खुर्ची दिली. ते बसले. दहा मिनिटं झाली. त्यांनी तोटीला हात घातला आणि पाव फेराच फिरवली. एक थेंब आला. मग बराच वेळ काही नाही. मग थेंबामागे थेंब, आणि मग दोरा. आधी गढूळ होता. ते पातेलंभर पाणी त्यांनी पुन्हा वरून घातलं. मग स्वच्छ, तांबूस धार लागली.

"म्हणायलंय, टेलला पोचायलंय का कडंनंच पळायलंय, ते बघा."

नागोराव एकदम हसले. मी त्यांना हसताना फार वेळा बघितलेलं नाही. वरचे दोन दात नाहीत त्यांना. "पोचायलंय म्हणाव. सगळीकडं पोचायलंय. चव बघितली, गोड हाय. हुरड्यासारखा वास यायलाय. सांग त्याला." ते धारेकडेच बघत होते. "ज्वारीचा रस हाय, असा बंगळूरला भेटायचा न्हाई. सांगितलं का? काय म्हणायलाय?"

मी मराठी शिकवते. आठवी ते दहावी, लिंग, वचन, विभक्ती. यूट्यूब इतका वेळ 'म्हणायलंय' होतं. आता त्याचं पुल्लिंगी 'म्हणायलाय' झालं. वर्गात मी दहादा सांगूनही मुलं हा फरक विसरतात. त्या अंगणात तो तिघांनाही एकाच वेळी ऐकू आला. बहुतेक चौथ्यालाही, बंगळूरला.

काकू पायऱ्या उतरून आल्या आणि फोन नागोरावांच्या हातात दिला. नागोरावांनी तो हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला, कानाला लावला.

"हां," ते म्हणाले. मग खुर्ची जारजवळ ओढून म्हणाले, "ज्वारी का? आपल्या पोखर्णीच्या शेतातली हाय. टाळकी. मोड आणायला तीन दिवस लागले... सावलीत वाळवायची होती का? मी उन्हात घातली..."

मी सोऱ्या घेऊन हळूच निघाले. काकू फाटकापर्यंत आल्या, पण मला निरोप द्यायला नाही. सखूबाई आत यायला निघाली होती, तिला त्यांनी तिथंच थांबवलं. "थांब बाई जरा. दोघं बोलायलेत." नंतर त्यांनी मला सांगितलं की बापलेक पाऊण तास बोलले, आणि पाऊण तासात ज्वारीच्या मोडांशिवाय दुसरा एक शब्द निघाला नाही. कोण चुकलं, कुणी माफ केलं, काही नाही. ठेवताना फक्त नागोराव म्हणाले, "चैत्रात ऊन लय असतंय. येणार असला तर सकाळच्या गाडीनं ये."

चैत्रात मला प्रशिक्षणासाठी परभणीला जायचं होतं. सकाळी आठला बसस्टँडवर गेले तर बाकावर नागोराव. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. मी विचारलं, "प्रल्हादला घ्यायला?" ते म्हणाले, "न्हाई, वेळापत्रक बघायला आलतो." गाडी साडेनऊची होती.

त्यांच्या शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ येऊन बसले. कालव्यावरचे जुने पाटकरी. दोघांनी पंचवीस वर्षं एकत्र पाणी सोडलेलं. त्यांच्याही गळ्यात माळ होती. तब्येती झाल्या, पेन्शन झाली, कुणाची सून कशी ते झालं. मग त्या गृहस्थांनी विचारलं, "अन् तुमचा प्रल्हाद? काय करतो म्हणायचा तो?"

मी माझ्या पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागले. खाण्यापिण्याच्या कंपनीत, हे उत्तर मला पाठ होतं.

नागोरावांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"बिअर करतो," ते म्हणाले.

पाटकऱ्यांचं सुपारी चघळणं थांबलं. त्यांनी नागोरावांच्या माळेकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"लय अवघड काम असतंय ते," नागोराव म्हणाले. "मी करून बघितलंय."